सेर्पेत, शेफिल्ड आणि सिकेटर

"फावल्या वेळात काय करतोस?" या प्रश्नाला "जुने चाकू जमवतो" असं उत्तर देणं मी हल्ली बंद केलंय. समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. त्याच्या डोळ्यासमोर रामपुरी येतो, मग अंधारी गल्ली येते, मग अजित नाहीतर प्राण. वास्तविक माझ्याकडचे चाकू अगदी गरीब स्वभावाचे आहेत. गुलाबाच्या, सफरचंदाच्या, द्राक्षाच्या फांद्या छाटायला केलेले, मिटून खिशात ठेवायचे. पातं पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. भोसकायचं म्हटलं तरी जमणार नाही, कारण टोक स्वतःच्या मुठीकडेच बघत असतं :)

हा नाद लागला तो ऑनसाईटला. प्रोजेक्ट इंग्लंडच्या उत्तरेला होतं, विकांताला करण्यासारखं फार काही नव्हतं, आणि रविवारी सकाळी तिकडे मैदानात गाड्यांच्या डिक्क्या उघडून जुनंपानं सामान विकायला बसतात. आपल्या जुन्या बाजाराचाच प्रकार, फक्त घासाघीस जरा हळू आवाजात. तिथे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या गॅरेजमधलं किडूकमिडूक असतं, त्यात हे चाकू सापडतात. पहिला घेतला तो निव्वळ आकार आवडला म्हणून. हा आकार असाच का, हा प्रश्न नंतर पडला, आणि आपण पडलो इंजिनियर, प्रश्न पडला की झोप लागत नाही.

आकाराचं कारण तसं सोपं आहे. सरळ पात्याने अंगठ्याएवढी ओली फांदी कापून बघा. पातं टोकाकडे घसरत जातं, फांदी लवते आणि निसटते. पातं आत वळलेलं असेल तर फांदी त्या बाकात अडकते, आणि तुम्ही हात आपल्याकडे ओढलात की धार तिच्यावरून तिरकी सरकत जाते. म्हणजे दाबून तोडणं नाही, ओढून चिरणं. विळ्याने गवत कापताना हेच होतं, कोकणातल्या कोयतीतही हेच आहे. फरक इतकाच की हा विळा मिटतो.

आता हे कोणी शोधलं? एका माणसाचं नाव घेता येत नाही, पण द्राक्षाच्या वेलीचं घेता येतं. द्राक्षाला छाटणी नाही तर पीक नाही. नाशिक-सांगलीकडच्या मंडळींना हे सांगायला नको, त्यांच्याकडे वर्षातून दोनदा होते, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. युरोपात थंडीत वेल झोपलेली असताना एकदाच, पण तीही चुकवून चालत नाही. त्यामुळे जिथे वाईन तिथे छाटणीचं हत्यार, आणि तेही दोन हजार वर्षांपासून. कोलुमेला नावाचा रोमन शेतीलेखक पहिल्या शतकात होऊन गेला. त्याने द्राक्षवाल्याच्या सुरीचं वर्णन केलंय ते वाचताना मला थेट एपीआयचं डॉक्युमेंटेशन आठवलं. एका पात्याचे सहा भाग, प्रत्येकाला नाव आणि प्रत्येकाला काम. मुठीजवळची सरळ धार ती 'कुल्टर', त्यापुढचा बाक 'सिनुस', बाकानंतरची तासायची धार 'स्काल्प्रुम', पुढे वळलेली चोच 'रोस्ट्रुम', पाठीवर अर्धचंद्रासारखी छोटी कुऱ्हाड 'सेकुरिस', आणि टोक 'मुक्रो'. ओढायचं कुठल्या भागाने, तासायचं कुठल्या, घाव कुठल्याने घालायचा, सगळं वाटून दिलेलं. पाठीवरची कुऱ्हाड पुढे गळाली (खिशात कुऱ्हाड घेऊन कोण फिरणार), बाक आणि चोच राहिली.

फ्रेंचांनी या छोट्या वाकड्या चाकूला 'सेर्पेत' म्हटलं. 'सेर्प' म्हणजे कोयता, 'सेर्पेत' म्हणजे कोयती. अगदी आपल्यासारखंच. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमध्ये १६७८ ते १६८३ या काळात राजाची भाजी-फळबाग उभी राहिली. ती ज्याने केली तो ज्याँ-बाप्तिस्त द ला कँतिनी मूळचा वकील. त्याचं बागकामावरचं जाडजूड पुस्तक तो गेल्यावर १६९० मध्ये छापलं गेलं. त्यात छाटणीला दोन हत्यारं येतात, सेर्पेत आणि लहान करवत. दोन्ही धरता आली की तुम्ही माळी.

फ्रान्समध्ये हे चाकू बऱ्याच गावांत होत, पण मोठं केंद्र तिएर. डोंगरातून उतरणाऱ्या द्युरोल नदीवर एकामागोमाग एक पाणचक्क्या, आणि प्रत्येकीवर धारेचे दगड. तिथले धार लावणारे बसत नसत, फळीवर पालथे पडून खालच्या फिरत्या दगडावर पातं दाबत. दगडाचा पिवळा गाळ अंगावर उडे म्हणून त्यांना 'पिवळ्या पोटाचे' म्हणत. हिवाळ्यात पायांवर कुत्रा झोपवायचे, ऊब म्हणून. याचे जुने फोटो उपलब्ध आहेत. हापिसातल्या एसीबद्दल तक्रार करण्याआधी बघून घ्यावेत.

पण माझा जीव शेफिल्डमध्ये अडकलाय, कारण माझे बहुतेक चाकू तिथले. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसरने आपल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफिल्डचा चाकू खोचून ठेवलाय, इतकं हे जुनं प्रकरण. १६२४ साली पार्लमेंटने कायदा करून तिथल्या चाकूवाल्यांची कंपनी स्थापन केली. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करण्याची रीत बसवली, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात जगभरच्या खिशांत शेफिल्डची पाती गेली. छाटणीच्या चाकूत सेनर घराण्याचं नाव इंग्लिश माळ्यांच्या तोंडी होतं.

गंमत अशी की पात्यावर ज्याचं नाव, त्याने तो चाकू केलेलाच असेल असं नाही. किंबहुना बहुतेक वेळा नसे. शेफिल्डचं काम म्हणजे हल्लीच्या भाषेत पूर्ण आउटसोर्स्ड. पातं ठोकणारा वेगळा, त्याला धार लावणारा वेगळा, स्प्रिंग-मूठ-रिव्हेट जुळवून चाकू बांधणारा वेगळा. 'लिटल मेस्टर' म्हणजे छोटे उस्ताद, एक खोली आणि एका पट्ट्याची वाफेची ताकद भाड्याने घेऊन काम करणारे. वर नाव कोरायचं ते माल उचलणाऱ्या कंपनीचं. कोड कोणी लिहिला आणि लोगो कोणाचा, हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

हे चाकू कसे चालतात तेही सांगतो. यात कुलूप नसतं. मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब पट्टी असते, ती पात्याच्या बुडावर सतत दाब देते. पातं उघडताना पट्टी उचलली जाते आणि शेवटी 'टक्क' करून बसते. जुळवणाऱ्याचा हात चांगला असेल तर शंभर वर्षांनीही तो आवाज तसाच येतो, पात्याला लळत नसते, आणि पाठ उघडी असो की मिटलेली, पट्टी बाकीच्या पाठीशी सपाट असते. यासाठी पट्टी आणि पात्याचं बूड कानशीने एकमेकांना घासून बसवावं लागतं, एकेक चाकू वेगळा. एकाचं पातं दुसऱ्याला बसत नाही.

आणि मूठ. शेफिल्डच्या चांगल्या छाटणी-चाकूला मूठ लागायची सांबराच्या शिंगाची. खडबडीत असल्याने ओल्या हातातून निसटत नाही, आणि इतर हरणांच्या मानाने हे शिंग आतून जास्त भरीव. हे शिंग यायचं कुठून? आपल्याकडून. सांबर दरवर्षी शिंगं टाकतं, ती जंगलातून गोळा व्हायची आणि पोत्यांनी बोटीवर चढायची. आपल्या आज्या जे साबरशिंग उगाळून कपाळाला लेप लावायच्या, तेच यॉर्कशरच्या माळ्याच्या खिशात. १९९० च्या दशकाच्या शेवटी भारताने गळून पडलेल्या शिंगांचीही निर्यात थांबवली, त्यामुळे आता नव्या चाकूंना बहुधा लाकूड किंवा प्लास्टिक असतं.

इथवर सगळं गोड आहे. जमवणाऱ्या लोकांचं लिखाण सहसा इथेच थांबतं: जुने कारागीर, हातात जादू, गेले ते दिवस. मला या सुराचा थोडा कंटाळा येतो. शेफिल्डचा धारेचा दगड म्हणजे वालुकाश्म, आणि वालुकाश्म म्हणजे सिलिका. कोरड्या दगडावर काम केलं की पोलादाची आणि दगडाची धूळ थेट छातीत. आज ज्याला सिलिकोसिस म्हणतात त्याला तिथे 'धारवाल्यांचा दमा' म्हणत. शेफिल्डचे डॉक्टर आर्नल्ड नाइट यांची निरीक्षणं एंगल्सने १८४५ च्या आपल्या पुस्तकात दिली आहेत: कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी पस्तिशीही जेमतेम गाठत, ओल्या दगडावरचे क्वचित पंचेचाळिशी ओलांडत. सगळ्यात वाईट दशा जेवणाचे काटे घासणाऱ्यांची, ते काम कोरडं. चाकूची पाती बरीचशी पाणी सोडलेल्या दगडावर होत, म्हणून त्या मानाने बरं. पण दगड नवा बसवला की तो गोल करायला कोरडाच तासावा लागे, आणि तेव्हा खोली धुळीने भरून जाई. शिवाय एखादा दगड फिरता फिरता फुटे, आणि पुढे बसलेला माणूस वाचत नसे.

यावर उपाय नव्हता असंही नाही. धूळ ओढून घेणारे पंखे निघाले, लोखंडाची पूड धरणारे चुंबकही निघाले. कामगारांनी ते नाकारले, काही ठिकाणी मोडून टाकले. वेडेपणा वाटतो ना? त्यांचा हिशेब वेगळा होता. काम सुरक्षित झालं तर त्यात जास्त लोक येतील, जास्त लोक आले की मजुरी पडेल. मरण लवकर येणार हे माहीत होतं, तोच त्यांच्या पगाराचा आधार होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातला चाकू बाजूला ठेवला होता. नंतर पुन्हा उचलला, पण 'हातात जादू' वगैरे शब्द त्यानंतर मला सुचत नाहीत.

तर या चाकूची सद्दी संपवली कोणी? एका मंत्र्याने. बर्त्राँ द मोलविल हा सोळाव्या लुईचा नौदलमंत्री. क्रांतीत जीव वाचवून इंग्लंडला पळाला, नेपोलियन पडल्यावर परतला, आणि १८१० च्या दशकात त्याच्या नावावर एक नवीन हत्यार आलं: दोन वाकडी पाती, मधे खिळा, दाबली की फांदी कट्ट. 'सेकातर'. आपला अडकित्ता डोळ्यासमोर आणा, फक्त सुपारीऐवजी फांदी.

जुने माळी चिडले, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. चाकूचा काप एकाच धारेने होतो, आरशासारखा गुळगुळीत. कात्रीत एक पातं कापतं आणि दुसरं फांदीला टेकू देतं, त्या टेकूच्या बाजूला साल चेंगरते. चेंगरलेली जखम भरायला वेळ घेते. हे सगळं खरं, पण कात्री जिंकली. कारण चाकूने छाटायला शिकायला काही हिवाळे जातात, डाव्या हाताची बोटं जागेवर राहिली तर. कात्री दुपारपर्यंत येते. द्राक्षमळ्यात हजारो वेली उभ्या असतात आणि छाटणीचे दिवस मोजके. पुढे कात्रीही सुधारली. स्वित्झर्लंडमध्ये फेलिक्स फ्लिशने १९४५ मध्ये फेल्को काढली, त्यांच्या कात्रीचे सगळे भाग सुटे मिळतात आणि बदलता येतात. माझं प्रामाणिक मत विचाराल तर कात्री जिंकली ते बरं झालं. चाकू जमवतो म्हणून मी कोणाला दिवसभर चाकूने वेल छाटायला लावणार नाही.

आणि शब्द कुठवर पोचतात बघा. निफाडकडे द्राक्षबागेत जाऊन विचारा, छाटणीच्या कात्रीला काय म्हणतात? 'सिकेटर'. एकरी ठेक्याने छाटणी करणाऱ्या टोळ्यांच्या हातात तोच फ्रेंच मंत्र्याचा शब्द आहे, मराठी होऊन गेलेला. 'सेर्पेत' मात्र आपल्यापर्यंत आलीच नाही. यायची गरजही नव्हती, कोयती होतीच.

चाकू पूर्ण मेला नाही, त्याला एका किड्याने वाचवलं. १८६० च्या दशकात अमेरिकेतून आलेला फायलोक्सेरा फ्रान्सच्या वेलींची मुळं खाऊ लागला. १८६८ मध्ये प्लाँशोँ आणि सहकाऱ्यांनी त्याला मुळांवर पकडलं. बराच काळ औषधपाणी करून शेवटी उपाय निघाला तो असा: खुंट अमेरिकन वेलीचा, वर काडी फ्रेंच वेलीची. म्हणजे देशभर कलमं बांधा. कलमाला कात्री चालत नाही, तिथे दोन काप एकमेकांवर कागदासारखे बसावे लागतात. त्यामुळे छाटणीचा वाकडा चाकू मागे पडत असताना कलमाचा सरळ चाकू जोरात आला. याचं पातं बहुधा एकाच बाजूने घासलेलं असतं, पटाशीसारखं, म्हणजे काप सपाट येतो. डोळे भरायच्या चाकूला मागे हाडाची किंवा पितळेची चपटी जीभ असते, साल उचलायला. आपल्याकडे द्राक्षाला फायलोक्सेरामुळे नव्हे, तर क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे खुंट वापरतात. त्यातला 'डॉगरिज' मूळचा टेक्सासचा. त्यावर पाचर कलम करताना जो काप घेतात तो याच घराण्यातला.

आता जमवण्याबद्दल. कोणाला नाद लावायचा असेल तर थोडी माहिती. पात्याच्या बुडावर शिक्का असतो, तो आधी बघा. नावाशेजारी राजाची आद्याक्षरं असतील (व्हिक्टोरिया किंवा जॉर्जची) तर काळाचा अंदाज येतो. 'इंग्लंड' असा शब्द असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या मॅकिन्ली कायद्याने त्या वर्षापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. पातं गळ्याशी गोल कडीने अडकत असेल आणि वर मुकुटाखाली हाताचा पंजा असेल तर ते फ्रान्सच्या साव्हॉयमधलं ओपिनेल. जोझेफ ओपिनेलने १८९० मध्ये सुरुवात केली, पंजा १९०९ चा आणि अडकवायची कडी १९५५ ची. त्यांचा सेर्पेत आजही मिळतो, नव्याने सुरुवात करायला स्वस्त आणि मस्त. गंज असेल तर तेल आणि बारीक लोखंडी लोकर एवढंच. पॉलिशच्या चाकावर धरू नका, काळसर-निळी छटा गेली की परत येत नाही.

कायदाही सांभाळा. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्याप्रमाणे तीन इंचांपर्यंत धार असलेला मिटता चाकू खिशात ठेवता येतो, पण तो न अडकणारा हवा. अडकणारं पातं यात बसत नाही हे तिथल्या कोर्टाने नंतर स्पष्ट केलं. म्हणजे जुना शेफिल्ड लहान असेल तर चालेल, कडीवालं ओपिनेल सबळ कारणाशिवाय नाही. विमानात अर्थातच चेक-इन बॅगेत. आपला १९५९ चा शस्त्र कायदा निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वस्तूंना शस्त्र धरत नाही. अडचण येते ती मुठीची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या देशात शिंगाची वस्तू घेऊन उतरणं हा गमतीचा विषय नाही. प्रोजेक्ट संपल्यावर शिंगाच्या मुठीचे सहा चाकू मी तिकडेच विकून आलो, लाकडाचे तेवढे आणले. शिंग इथून गेलं होतं, पण त्याला घरी आणता आलं नाही.

विकताना एक गोष्ट खटकली. सहापैकी दोन जवळजवळ न वापरलेले होते, कारखान्याच्या खुणा पात्यावर तशाच. त्यांना चढाओढीने भाव मिळाला. बाकीचे चार घासून घासून बारीक झालेले, ते चौघे मिळून एकाच्या किमतीला गेले. बाजार म्हणतो चाकू जितका कोरा तितका मोलाचा. म्हणजे दुकानातून आणून कपाटात पडून राहिलेला चाकू इतिहास, आणि ज्याने चाळीस हिवाळे काढले तो भंगार! अशा झिजलेल्या चाकूंची पाती मुठीसाठी उपटून टाकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला उलटं वाटतं. माझ्याकडे एकाच नमुन्याचे दोन चाकू आहेत, दोन्ही गडद लाकडी मुठीचे. एकाचं पातं सगळ्यात रुंद जागी २२ मिलिमीटर, दुसऱ्याचं ११. उरलेलं ११ मिलिमीटर पोलाद कुठल्या तरी बागेत, धारेच्या दगडावर, तेलाच्या थेंबात गेलं. झीज सारखी नाही. बाकाच्या आतल्या भागात ती जास्त आहे, टोकाला कमी, म्हणजे तो माणूस फांदी नेमकी बाकातच धरायचा, कोलुमेलाच्या 'सिनुस'मध्ये. मुठीवर अंगठ्याच्या जागी खोलगट झालंय, आणि ते डाव्या बाजूला आहे. डावरा असणार. त्याचं नाव कळायचा मार्ग नाही. ज्याने पहिली धार काढली त्याचंही नाही, पात्यावर तिसऱ्याच कोणाचं नाव आहे.

गेल्या महिन्यात आईच्या गच्चीतल्या गुलाबाची छाटणी याच ११ मिलिमीटरवाल्याने केली. टक्क आवाज अजून येतो. आई म्हणाली, "काप छान येतो रे, पण मला आपली कात्रीच दे."